उपदेश आणि धीर

मराठीतील ‘धीर’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. धीर धरता येतो, धीर सुटतो, धीर खचतो, धीर चेपतो; आणि विशेष म्हणजे एका माणसाला तो दुसऱ्याला देता येतो. कोकणी बोलणाऱ्यांच्या तोंडीही हा शब्द तितकाच घरचा आहे. उपदेशाचे तसे नाही. उपदेश ‘करतात’, आणि तो करताना करणाऱ्याच्या पदरचे सहसा काही जात नाही. धीर देणाऱ्याला मात्र आपल्याजवळ जो काही थोडाफार साठा असेल त्यातून काढून द्यावे लागते. ज्याच्याजवळ नाही तो देऊ शकत नाही. भाषेने केलेला हा भेद साहित्याच्या परीक्षणातही उपयोगी पडतो, असे आम्हांस वाटते. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना तर या भेदावाचून पाऊल पुढे टाकणेच कठीण आहे.

नित्याच्या जीवनात माणसाला शहाणपण सांगणारे आणि आधार देणारे ख्रिस्ती लेखन मराठीत थोडेथोडके नाही. १६१६ साली साष्टीतील राशोल येथे छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून ही परंपरा मोजली, तर तिने चार शतके ओलांडली आहेत. पुराण, प्रश्नोत्तरी, प्रार्थनापुस्तक, बोधपत्रिका, कादंबरी, अभंग, कीर्तन, आत्मचरित्र, आणि १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’सारखी नियतकालिके, असा हा विस्तार आहे. आमच्या समीक्षेने याकडे पाहिले नाही असे नव्हे. परंतु पाहिले ते बहुधा दोनच खिडक्यांतून. एक भाषेच्या इतिहासाची : जुनी रूपे कोणती, कोकणीचे मिश्रण किती, लिपी कोणती. दुसरी धर्मप्रसाराच्या वादाची : हे लेखन कोणाच्या हेतूने, कोणाच्या आश्रयाने झाले. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण एक तिसरा प्रश्न राहूनच गेला. दुःखात असलेल्या साध्या वाचकाच्या हाती या लेखनातून काय लागते? त्याला खरोखर धीर येतो, की पुन्हा एकवार उपदेशच पदरी पडतो?

या प्रश्नाची कसोटी बाहेरून आणण्याची गरज नाही. ती बायबलातच आहे. ईयोबाची कथा सर्वश्रुत आहे. धन गेले, मुले गेली, अंगभर फोड उठले, आणि तो राखेत बसला. त्याचे तीन मित्र समाचाराला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख पाहून कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी धीर दिला तो एवढ्यापुरताच. पुढे ते बोलू लागले, आणि बोलू लागताच सारे बिघडले. दुःख हे पापाचे फळ आहे, देव अन्याय करीत नाही, तू चूक कबूल कर म्हणजे सुटशील, असे त्यांच्या बोलण्याचे सार. त्यांतली वाक्ये सुटी काढली तर कोणत्याही प्रवचनात शोभावीत. तरी अखेरीस देवाचा रोष होतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, त्याला समजूत घालणाऱ्या या मित्रांवर! ज्या धर्माच्या ग्रंथात उपदेशकांची अशी झडती घेतलेली आहे, त्या धर्माच्या नावाने लिहिलेल्या उपदेशपर साहित्याची आपणही तशीच झडती घेतली, तर त्यात वावगे काही नाही.

या कथेतून आम्हांस तीन अपेक्षा निघताना दिसतात. धीर देऊ पाहणाऱ्या लेखनाने प्रथम दुःख पुरते पाहिलेले असावे. ते पाहण्याआधीच उत्तर तयार नसावे. दुसरे, त्याने ऐकणाऱ्याच्या बोलीत बोलावे. वरून आलेला शब्द कानावर पडतो, पण पोटात उतरत नाही. तिसरे, त्याने वाचकाला मोकळे ठेवावे. दिलेल्या आधाराची किंमत लगेच मागू नये. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही आमची म्हण पहिल्या अपेक्षेचाच लौकिक अवतार आहे.

यांतील दुसऱ्या अपेक्षेच्या बाबतीत शुभवर्तमानांची शैली स्वतःच मोठी अनुकूल आहे. हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, पिठात कालवलेले खमीर, मध्यरात्री शेजाऱ्याचे दार ठोठावून भाकरी मागणारा माणूस, शंभरांतले एक चुकलेले मेंढरू, अशा चित्रांतून येशूची शिकवण मांडली गेली आहे. यात राजवाडे थोडे, चुली पुष्कळ. त्याआधीच्या ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाचा पिंडही असाच. आळशाला तो मुंगीकडे पाठवितो आणि भांडणाच्या घरातील मेजवानीपेक्षा शांतपणे खाल्लेल्या कोरड्या तुकड्याची थोरवी सांगतो. अशा बोलण्याला मराठी कान नवखा नव्हता. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले, तेव्हापासून गहन विचार घरगुती गोष्टीतून सांगण्याची रीत आमच्या गद्यात रुजलेली आहे. संतांनी ती घरोघर नेली. म्हणजे ख्रिस्ती बोध मराठीत आला तेव्हा त्याला बसायला पाट तयार होता. प्रश्न एवढाच होता, की येणारा त्या पाटावर बसतो, की आपली खुर्ची बरोबर घेऊन येतो!

फादर थॉमस स्टीफन्स पाटावर बसले, हे मान्य केलेच पाहिजे. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली मरेपर्यंत येथेच राहिला; आयुष्याचा मोठा भाग त्याने साष्टीत घालविला. पुराण छापले गेले तेव्हा त्याच्या गोव्यातील वास्तव्याला सदतीस वर्षे झाली होती. सदतीस वर्षे ऐकल्यानंतर लिहिलेले हे पुस्तक आहे. दोन भाग, पंच्याण्णव ‘अवस्वरु’ आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या असा त्याचा पसारा. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. छंद निवडला तो ओवी, म्हणजे ज्ञानेश्वरीचा छंद आणि घरोघरच्या जात्यावरचाही. भाषेविषयीची त्याची भूमिका तर आज वाचतानाही मनाला स्पर्श करते. प्रास्ताविकात तो सांगतो, की ग्रंथ मराठीत आहे, पण जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द लोकांना कळत नाहीत म्हणून ते टाकून येथील कोकणी बोलीचे सोपे शब्द मिसळले आहेत. मराठी श्रेष्ठ की कोकणी, असा वाद त्याच्यापुढे नव्हता. समोर बसलेल्या माणसाला कळावे, एवढीच त्याची चिंता होती; आणि त्या चिंतेपोटी आमच्या दोन्ही भाषा त्याच्या ओवीत शेजारी शेजारी नांदल्या. याच गृहस्थाने कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोललाच छापले गेले.

दुसरी अपेक्षा अशी पुरी झाली. पहिलीचे आणि तिसरीचे काय? येथे समीक्षकाला सरळ बोलणे भाग आहे. पुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचायला दुसरे काही का देत नाही? आमच्या मते संपूर्ण ग्रंथातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. तो प्रश्न भाविकाचा आहे तसाच रित्या झालेल्या घराचाही आहे. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून वाटाघाटीला बोलावलेल्या गावकरांची असोळण्याला हत्या झाली. इन्क्विझिशनचा अंमल १५६० पासून सुरू होता. अशा भूमीवर एक माणूस उठून वाचायला काहीतरी मागतो, तेव्हा त्याच्या मागण्यात किती दुःख साठले असेल! स्टीफन्सने ते मागणे ऐकले आणि त्याची नोंद केली, हा त्याचा मोठेपणा. पण ज्या सत्तेने जुनी पोथी हिरावली तिच्याच छायेत बसून नवी पोथी दिली जात होती, आणि जुन्या देवांविषयीचे अनुदार बोल त्या नव्या पोथीतही आहेत, हेही तितकेच खरे. त्या ओळींत पुराणकार ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीला जाऊन बसतो. दुःख त्याने ऐकले, परंतु त्या दुःखाचे कारण ओळखले नाही, किंवा ओळखूनही त्याविषयी तो बोलला नाही.

तर मग या ग्रंथाने कोणाला धीर दिला असे म्हणावे काय? याचे उत्तर ग्रंथात शोधण्यापेक्षा ग्रंथाच्या पुढील आयुष्यात शोधावे असे आम्हांस वाटते. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पण सतराव्या शतकातील छापील प्रत आज एकही उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी फर्मान काढून लोकांना स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्यास सांगितले. म्हणजे ज्या राज्याच्या आश्रयाने पुराण निघाले, त्याच राज्याने त्याच्या भाषेकडे पाठ फिरविली. तरीही पुराण मेले नाही. गोवा सोडून दक्षिणेकडे मंगळूरच्या परिसरात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याच्या हस्तलिखित प्रती उतरवून घेतल्या जात राहिल्या. हा समाज १७८४ ते १७९९ श्रीरंगपट्टणच्या बंदिवासातून गेला. त्यानंतरही प्रती उरल्याच. त्यांच्याच आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीतील आवृत्ती काढली. १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली. सक्तीने दिलेले पुस्तक सक्ती सरताच लोक टाकून देतात. हे पुस्तक तर सक्ती करणाऱ्यांनी टाकले आणि लोकांनी जपले. ओवी लोकांची होती, म्हणून पुराणही हळूहळू लोकांचे झाले. लेखकाने वाचकाला जे स्वातंत्र्य पुरते दिले नव्हते, ते वाचकाने स्वतः घेतले. आम्हांस ही गोष्ट कोणत्याही अलंकारापेक्षा मोठी वाटते.

स्टीफन्सनंतर दोन शतकांनी घाटावर छापखाने आले आणि ख्रिस्ती लेखन गद्याकडे वळले. या काळातील एक प्रमुख लेखक बाबा पदमनजी. त्यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. तेथेच १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तीन वर्षांनी, १८५७ साली, त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी निघाली. विधवांचे पुनर्विवाह कायदेशीर ठरविणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आता सर्वमान्य आहे. परंतु आम्हांस येथे तिची वेगळी बाजू पाहावयाची आहे. यमुना आणि तिचा पती गावोगाव फिरतात, आणि जेथे जातात तेथे त्यांना विधवांचे हाल दिसतात. केशवपन, उपासमार, घरच्यांचा छळ, एकांताचा कोंडमारा. पदमनजींनी यांतले काहीही झाकलेले नाही. त्या काळी इतक्या उघड्या डोळ्यांनी हे दुःख पाहणारा गद्यलेखक विरळाच. पहिल्या अपेक्षेला ते पुरेपूर उतरतात.

पण कादंबरी पुढे सरकते तसा त्यांचा हात उपदेशकाचा होत जातो. प्रत्येक हकीगतीमागे तात्पर्य येते. प्रत्येक विधवेच्या कहाणीवर वाद आणि विवेचन होते. शेवटी यमुनेवरही वैधव्य येते आणि तिला नव्या धर्मात आधार व नवा संसार लाभतो. वाचकाच्या मनात एक शंका मात्र उरते. ज्या बायका पर्यटनात भेटल्या आणि मागे राहिल्या, त्यांचे पुढे काय झाले? ज्यांना हा शेवट मिळाला नाही, त्यांच्यासाठी लेखकाजवळ काय आहे? सांत्वन हे बक्षिसासारखे शेवटच्या पानावर ठेवले, की मधल्या पानांतील माणसे उघड्यावर पडतात. हा दोष पदमनजींच्या श्रद्धेचा नव्हे, रचनेचा आहे. आणि तो एकट्या ख्रिस्ती कादंबरीचाही नाही. पुढे कितीतरी सुधारकी कादंबऱ्यांनी देवाच्या जागी शिक्षण किंवा समाजकार्य ठेवून हाच शेवट लिहिला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यापाशी आलो म्हणजे हवा पालटते. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेणारा हा कवी मनाने वारकरी परंपरेत वाढलेला होता. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे त्यांचे सांगणे असे. त्यांच्यापूर्वी मराठी ख्रिस्ती उपासनेत परकी चालींवर ताणून बसविलेली भाषांतरित गीते पुष्कळ होती. शब्द मराठी, पण श्वास परका. टिळकांनी अभंग आणले, भजन आणले, कीर्तन आणले. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले आणि माउलीही म्हटले. या एका संबोधनाने केवढे काम झाले! पंढरीच्या देवाला आई म्हणून हाक मारणाऱ्या समाजाला, आपली हाक बदलावी न लागता, एक नवे नाव घेता आले. धीर देणाऱ्या शब्दाची पहिली खूण हीच, की तो ऐकणाऱ्याच्या तोंडात आधीपासून असतो.

तिसऱ्या अपेक्षेच्या दृष्टीने टिळकांचे अखेरचे पर्व फार बोलके आहे. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सारेच भक्त तेथे एकत्र यावेत असा त्यांचा मानस होता. १९१९ साली ते वारले आणि तो दरबार भरात येण्यापूर्वीच थांबला. पण ज्या माणसाने धर्मांतरासाठी घर, गोत आणि काही वर्षे पत्नीही गमावली, तोच शेवटी दाराचा उंबरा काढून टाकू पाहतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांच्या सर्वच पद्यांची तरफदारी आम्ही करणार नाही. प्रसंगाला धरून आणि मंडळींसाठी त्यांनी भराभर लिहिले. अशा पुष्कळ रचनांत कवी मागे राहतो आणि उपदेशक यमके जुळवीत पुढे जातो. जेथे ते लोकांना सांगतात तेथे ते सामान्य होतात. जेथे ते देवाशी बोलतात आणि आपण नुसते ऐकतो, तेथे ते श्रेष्ठ आहेत. धीर पुष्कळदा असाच मिळतो : दुसऱ्याची प्रार्थना भिंतीपलीकडून कानी पडावी तसा.

आणि तरीही, या चार शतकांत सर्वांत जास्त धीर देणारे ख्रिस्ती मराठी पुस्तक कोणते असे कोणी विचारले, तर आम्ही पुराणाचे, कादंबरीचे किंवा अभंगांचे नाव घेणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे घेऊ. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने भागशः प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या. या पुस्तकात धीराविषयी एकही व्याख्यान नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या एका बाईने, ओसरीवर बसून सांगावे तशी आपली हकीगत सांगितली आहे, एवढेच.

पण ती हकीगत साधी नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे हे एका भयातून जन्मले होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने शुद्धाशुद्धतेचे वेड घरात शिरले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही. अशा घरातली मुलगी ज्या कवीच्या घरी आली, तो उदार, तापट आणि लहरी. आज येथे तर उद्या तेथे. हातात आलेला पैसा वाटेतच कोणाला तरी देऊन येणारा. पुढे तोच ख्रिस्ती झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहान मूल घेऊन त्या वेगळ्या राहिल्या. काही वर्षांनी परत आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबरच आले. नंतर केव्हातरी, जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, हा निवाडा त्यांनी आपल्या मनाशी केला आणि बाप्तिस्मा १९०० साली घेतला. हा निवाडा त्यांनी वादात हरून केला नाही, आणि नवऱ्याच्या आज्ञेनेही केला नाही. म्हणूनच त्यांच्या मतांतराची हकीगत ज्यांना ते मतांतर मान्य नाही त्यांनाही पटते. वडिलांचे सोवळे त्या हसत हसत सांगतात, पण वडिलांना हास्यास्पद करीत नाहीत. त्या सोवळ्यामागची फाशी त्या विसरलेल्या नाहीत. पुराणकाराला जे साधले नाही ते येथे या बाईला साधले. सोडून आलेल्या घराविषयी त्यांच्या मनात तुच्छता नाही.

‘स्मृतिचित्रां’तील विनोदाची वाखाणणी सर्वांनीच केली आहे. आमचे म्हणणे असे, की तो विनोद हा अलंकार नसून त्या पुस्तकातील ख्रिस्ती धर्म आहे. उद्याची चिंता उद्यावर सोपवावी, आजचे दुःख आजच्याला पुरे, ही डोंगरावरच्या प्रवचनातील शिकवण प्रवचनकार शेकडो वर्षे सांगत आले आहेत. लक्ष्मीबाई ती सांगत नाहीत. घरात पैसा नाही, पाहुणे दारात आहेत, नवरा रागावून निघून गेला आहे, अशा वेळी या बाईने काय केले तेवढे त्या लिहितात, आणि वाचक हसता हसता ओळखतो, की असेही जगता येते. त्यांच्या घरी परक्यांची मुले वाढली. बालकवी ठोमरे तेथे मुलासारखे राहिले. शेजाऱ्यावर प्रेम करावे हे वाक्य त्यांच्या पुस्तकात नसले तरी चालते. ताटे वाढलेली दिसतात. विधवा झाल्यावर, नवऱ्याने आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले आणि ओवीमागून ओवी रचीत त्याचा फार मोठा भाग स्वतः लिहिला. शोक आवरून काम करावे, हेही त्यांनी कोणाला सांगितलेले नाही.

ईयोबाच्या कथेकडे पुन्हा एकदा पाहिले तर लक्ष्मीबाईंचे स्थान नेमके कळते. त्या ईयोबाच्या मित्रांपैकी नव्हेत. त्या स्वतःच राखेत बसलेल्या आहेत, आणि तेथून आपल्याकडे पाहून हसत आहेत. आधार देणारा आणि घेणारा यांतील उंचीचा फरक येथे उरलेला नाही. म्हणूनच ज्याला ख्रिस्ताशी काही कर्तव्य नाही असा वाचकही हे पुस्तक उशाशी ठेवतो.

या विवेचनाचा रोख केवळ जुन्या ग्रंथांवर आहे असे कोणी समजू नये. आज उपदेशाला कधी नव्हे इतके सुगीचे दिवस आले आहेत. दिनदर्शिकेच्या पानावर सुविचार, मासिकाच्या कडेला बोधवचन, आणि सकाळी डोळे उघडण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर आलेला फुलांच्या चित्रासकटचा संदेश! यात ख्रिस्ती काय, वैष्णव काय, की निधर्मी काय, काही भेद राहिलेला नाही; सर्वांचे सुविचार एकाच साच्यातले. खचू नका, हसत राहा, देव पाठीशी आहे. हे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते फार स्वस्त आहे, एवढीच आमची तक्रार. कोणाचे मूल दगावले, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हे पाठविणाऱ्याला ठाऊक नसते. ठाऊक नसतानाच उत्तर मात्र धाडलेले असते. ईयोबाचे मित्र निदान सात दिवस गप्प बसले होते.

यावर कोणी म्हणेल, की चिंतेने ग्रासलेल्या माणसाला एखादे छोटे वाक्यही तारून नेते. त्याला ‘स्मृतिचित्रे’ वाचायला सवड कोठे? आक्षेप खरा आहे. आजीच्या तोंडची एखादी म्हण संकटात आठवते आणि तेवढ्यावर दिवस निघून जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पण ती म्हण का तारते? तिच्यामागे आजी असते म्हणून. तिने काय काय सोसले ते आपण पाहिलेले असते. वाक्य लहान असण्याला आमची हरकत नाही. त्याच्यामागे माणूस नसण्याला आहे. ‘नीतिसूत्रे’ही छोट्या वाक्यांचाच ग्रंथ आहे, परंतु त्यातले शहाणपण बाप मुलाला सांगतो आहे अशी त्याची बैठक आहे. आणि त्याच बायबलात, त्या सूत्रांच्या शेजारीच, ईयोबाची न सुटणारी तक्रारही ठेवलेली आहे. सूत्रे रचणाऱ्याने ती तक्रार ऐकलेली असावी, एवढी अपेक्षा ठेवणे फार झाले काय?

आमच्या वाचकांत गोव्याचे आहेत, बेळगावचे आहेत, इंदूर-बडोद्याचे आहेत. देवळात जाणारे आहेत आणि इगर्जीत जाणारेही. ‘क्रिस्तपुराण’ कोणाचे, मराठीचे की कोकणीचे, हिंदू वाचकाने ते वाचावे की नाही, असे प्रश्न अधूनमधून विचारले जातात. जे घर रिते झाल्यावर मागितले गेले, जे राज्यकर्त्यांनी विसरून टाकले आणि साध्या कुटुंबांनी हाताने उतरवून जपले, त्या पुस्तकावर एका भाषेचा किंवा एका देवाचा शिक्का मारण्याचा अधिकार कोणालाही नाही असे आम्हांस वाटते. त्यातील कडवट ओळी कडवट आहेत असे म्हणावे, आणि उरलेले मोठ्याने वाचावे. कारण ते डोळ्यांसाठी रचलेले नाही, कानांसाठी रचलेले आहे. त्याच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’ ठेवावीत. एका पुस्तकात परका माणूस आपल्या भाषेत येऊन धीर देऊ पाहतो. दुसऱ्यात आपल्याच घरातली बाई परकी ठरूनही धीर सोडीत नाही. दोन्ही वाचल्यावर मग आपल्या आजच्या सांत्वनपर लेखनाकडे वळावे, आणि लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की ज्याच्यासाठी हे लिहीत आहोत त्याच्याजवळ आपण थोडा वेळ तरी गप्प बसलो होतो काय.